बिनमिठाचा बर्फ

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, झाकण उघडून आत हात घालू नका. आत बर्फाची कांडी नाही. कधीकाळी होत्या. लाल, पिवळ्या, नारिंगी. त्या खाऊन जिभा रंगवलेली पोरे आता स्वतःच्या पोरांना हाताला धरून माझ्यासमोरून जातात. मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. माझा हिरवा रंग जागोजागी उडाला आहे, पुढचा कोपरा कुत्र्यांनी चाटून चाटून गुळगुळीत केला आहे आणि माझ्या अंगाला साखरेचा आणि ओल्या भुशाचा जो वास येतो तो काही केल्या जात नाही. तो जाऊ नये असेच मला वाटते. का, ते ऐका.

माझा जन्म एका सुताराच्या पडवीत झाला. माझा मालक कांडीवाला तेव्हा नुकता धंद्याला लागला होता आणि नव्या फळ्या घ्यायची त्याची ऐपत नव्हती. त्याने कुठून तरी एक जुने दार पाठीवर घालून आणले आणि सुतारापुढे टाकले. सुताराने ते ठोकून पाहिले, हुंगून पाहिले आणि म्हणाला, "लाकूड झकास आहे. आणि दारच ते, बंद राहायची सवय आहे त्याला. तुझा गारवा बाहेर जाऊ द्यायचं नाही." माझ्या उजव्या कुशीवर त्या दाराच्या कडीचे भोक अजून आहे, त्यात सुताराने खुंटी ठोकली. आत पत्र्याचा डबा बसवला, डबा आणि फळ्यांच्या मध्ये लाकडाचा भुसा दाबून भरला, झाकणाला सायकलच्या जुन्या ट्यूबची किनार लावली. मग कांडीवाल्याने मला सायकलच्या मागे बांधले, हँडलला एक घंटा अडकवली आणि आमचा संसार सुरू झाला.

माझा मालक मनाने सरळ, पण एका बाबतीत भारी गर्विष्ठ होता. आपल्या कांडीइतकी कडक कांडी साऱ्या पंचक्रोशीत नाही, असे तो छाती फुगवून सांगत असे. त्यात खोटे काही नव्हते. त्याचे गुपित एका छोट्या डब्यात होते आणि तो डबा सदा हँडलला लटकलेला असे. त्यात जाडे मीठ होते. बर्फावर मीठ पसरले की बर्फ आणखी गार पडतो, इतका गार की शेजारची वस्तू दगडासारखी गोठते. सकाळी बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची, पोत्यात घालून फोडायची, माझ्या पोटात रचायची आणि वर मुठीमुठीने मीठ. दुपारी रणरणत्या उन्हात लोक कांडीचा पहिला तुकडा तोडत आणि दात धरून नाचत. तेव्हा आम्ही दोघेही खूश होत असू.

तुटलेली कांडी विकायची नाही, असा त्याचा नेम होता. मग ती कुत्र्यांना मिळे. त्यामुळे घंटा वाजली की एका बाजूने पोरे आणि दुसऱ्या बाजूने कुत्री धावत येत. पुढे कोपऱ्यावरच्या दुकानात काचेच्या झाकणाचा फ्रीजर आला आणि रंगीत कागदातल्या कांड्या मिळू लागल्या. पोरे तिकडे वळली. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? एका कोंबडीने तर मला खुशाल आपले घर समजून माझ्यात अंडी घातली. पण कुत्री बदलली नाहीत. दुकानदार त्यांना पायरीवरसुद्धा उभे करत नसे. मालक आठवड्यातून एखादी फेरी मारायचा तेव्हा गिऱ्हाईक कमी आणि कुत्रीच जास्त. आमच्या वस्तीतला न्हावी तर त्याला म्हणायचा, "अरे, तू माणसांचा कांडीवाला राहिलाच नाहीस."

सायकलच्या मागे बांधलेली असल्याने कुत्र्यांची तोंडे बरोबर माझ्या उंचीला येत. म्हणून त्यांच्या जिवाचे हाल मी जितके जवळून पाहिले तितके कोणी पाहिले नसतील. कोणाच्या कानात गोचिडांचे घोसच्या घोस लटकलेले. कोणाच्या पाठीवरचे केस खरजेने गेलेले. कोणाचे पोट जंतांनी टम्म आणि वर बरगड्या उघड्या. लोक वाईट होते असे समजू नका. आपल्या ताटातला घास ते कुत्र्याला काढून ठेवत. पण कुत्रे आजारी पडले तर काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. खरूज झाली की गाडीचे जळके ऑइल चोपडायचे, गोचीड झाले की पिकावर मारायचे औषध अंगावर ओतायचे आणि कुत्रे मेले की घरदाराने रडायचे. माणसांचा दवाखानाच इतका लांब, की कुत्र्याच्या दवाखान्याचे नाव काढले तरी लोकांना हसू येई.

अशात एके दिवशी स्कूटरवरून गुरांच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांच्यापाशी जाळे होते आणि एक निळी प्लास्टिकची पेटी होती. त्या पेटीत पिसाळण्यावरची लस होती. आजूबाजूच्या गावांत कुत्री पिसाळू लागली होती म्हणून प्रत्येक वस्तीतल्या कुत्र्यांना लस टोचायची असे ठरले होते. पण जाळे पाहिले की कुत्री पायाला पाय लावून पळत. सकाळभर धावून डॉक्टरबाईंनी हात टेकले. शेवटी न्हाव्याने दुकानातूनच ओरडून सांगितले, "बाई, जाळं ठेवा बाजूला. कांडीवाल्याची घंटा मागवा!"

मग काय, आमचा भाव वधारला. मालकाने घंटा वाजवली आणि कुत्र्यांची रांग लागली. ती कांडी चाटत असताना डॉक्टरबाई मागून हळूच टोचून मोकळ्या होत. बहुतेकांना पत्ताही लागला नाही. निळी पेटी शेजारीच उभी होती, चकचकीत आणि मुकाट. मी तिच्याकडे जरा नाक मुरडूनच पाहिले, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी दगडखाणीवरच्या वस्तीत जायचे होते. तिथे माझ्या मालकाची थोरली बहीण राहत असे. सगळी वस्ती तिला ताई म्हणे. ताई दिवसभर खडी फोडायची आणि तिची लहानगी चिमी ताडपत्रीच्या सावलीत गोधडीवर खेळायची. चिमीची राखण करायला एक कुत्रा होता, त्याचे नाव साहेब. कुठल्या कामाला हात लावायचा नाही, पण प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहणी करायची, म्हणून हे नाव. मात्र चिमीच्या गोधडीपासून तो फार लांब कधी जात नसे. साप निघाला तर आधी साहेब भुंके. चिमी उठून खाणीच्या कडेकडे चालू लागली तर तिचा फ्रॉक दातांत धरून बसे. ताईच्या हातात घण असे तो साहेबाच्या भरवशावर.

खाणीवर जायच्या आदल्या संध्याकाळीच घात झाला. ओढ्याच्या खडबडीत वाटेवर निळी पेटी स्कूटरवरून पडली आणि तिचे झाकण दुभंगले. लसीच्या बाटल्या तेवढ्या वाचल्या. डॉक्टरबाईंच्या तोंडचे पाणी पळाले. लस रात्रभर गार राहिली नाही तर वाया जाणार होती आणि वस्तीत फ्रीज होता तो एकट्या दुकानदाराचा, आणि त्याची वीज तर गेलेली. माझ्या मालकाने मला पुढे केले.

"बाई, काळजीच सोडा. ही आहे ना!"

"पण चांगलं गार राहील ना, काका?"

"गार? अहो, दात धरून नाचाल!"

डॉक्टरबाई हसल्या आणि निश्चिंत मनाने गेल्या. मालकाने बाटल्या माझ्या पोटात अशा ठेवल्या जशा काही त्या पाहुण्या आहेत. नवा बर्फ आणला. आणि आज मोठ्या मानाचे काम म्हणून नेहमीच्या दुप्पट मीठ टाकले.

सकाळी त्याने झाकण उघडले तर बाटल्या दगड झालेल्या. तो बेहद्द खूश झाला. सुईतून यायला हवे म्हणून त्याने त्या सदऱ्याच्या खिशात घालून उबवल्या, पातळ केल्या आणि डॉक्टरबाई यायच्या आत परत माझ्यात ठेवून दिल्या. खाणीवर घंटा वाजली. कुत्री आली. पहिला नंबर साहेबाचा, कारण ताईने त्याला स्वतः धरले होते. नेमका ऐन टोचताना तो वळला, सुई वाकडी लागली आणि असा केकाटला की खाणीवरचा सगळा कळप बिथरला. मग जाळे आले, ओढाताण झाली, एकेकाला पकडून टोचावे लागले. साहेब तर ताईच्या हातांतून निसटून टेकडीपलीकडे दिसेनासा झाला.

काम संपल्यावर ताईने चहा केला. चहा पिता पिता माझ्या मालकाला राहवले नाही.

"बाई, गारव्याबद्दल काही बोलला नाहीत! अहो, दुप्पट मीठ घातलं होतं. बाटल्या अशा दगड झाल्या होत्या की खिशात घालून मोकळ्या कराव्या लागल्या."

डॉक्टरबाईंचा कप तोंडापाशीच थांबला. "गोठल्या होत्या? सगळ्या?"

"सगळ्या!" माझा मालक अजून हसतच होता.

"काका..." त्यांनी कप खाली ठेवला. "गोठलेली लस कामाची राहत नाही हो. पाणी टोचल्यासारखंच झालं."

मालकाचे हसू कुठल्या कुठे गेले. तो एकदा माझ्याकडे आणि एकदा मिठाच्या डब्याकडे पाहत राहिला. डॉक्टरबाईच पुढे म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. गार ठेवा म्हटलं, गोठवू नका म्हटलंच नाही. आता नवी लस मागवते, आठवडा तरी लागेल. पण तोवर सगळी कुत्री बांधून ठेवा. ओढ्यापलीकडे एक पिसाळलेलं फिरतंय, वासराला चावलंय परवा."

"बांधू की," ताई म्हणाली. "पण साहेब कुठाय?"

मित्रांनो, त्या आठवड्यात मला एक क्षण चैन पडले नाही. वस्तीने जुन्या चादरी फाडून पट्टे वळले आणि बाकीची कुत्री बांधली. साहेब मात्र टेकडीवर मोकळा होता, लसीशिवाय होता आणि चावरे कुत्रे त्याच टेकडीच्या पलीकडे होते. चिमी गोधडीवर बसून वाटेकडे पाही आणि कोणीही आले की विचारी, "साहेब दिसला?" ताई तिला पाठीशी बांधून खडी फोडू लागली. तिची पाठ भरून येई, पण ती पोरीला एकटीला ठेवायला तयार नव्हती.

माझा मालक रोज मला घेऊन टेकडीच्या पायथ्याशी जाई आणि घंटा वाजवी. साहेब वर दिसायचा. घंटा ऐकली की शेपूट पायांत घालून आणखी वर जायचा. इतकी वर्षे ज्या घंटेला कुत्री जीव टाकत, तिलाच आता एक कुत्रा घाबरत होता. मालक दगडावर बसून म्हणाला, "माझ्यावरचा विश्वासच उडाला त्याचा." त्याचे डोळे भरून आले होते. मलाही वाईट वाटले.

ताईनेच शेवटी त्याला झापले. "अरे, घंटा कशाला बडवतोस? घंटा म्हणजे सुई, हे त्याला कळलंय. पेटी नुसती उघडी ठेव आणि गप बस. तोंडालापण कुलूप घाल, ते तुला जमत असेल तर."

मालकाने घंटेच्या लोलकाला चिंधी बांधली. साखर कुत्र्यांना चांगली नाही, असे डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, म्हणून त्याने खाटकाकडून हाडे आणून उकळली आणि त्या बिनमिठाच्या पाण्याच्या कांड्या गोठवल्या. न्हाव्याने एक उचलून चाखली, तोंड वाकडे केले आणि तरीही पूर्ण संपवली. मग रोज संध्याकाळी टेकडीच्या पायथ्याशी मी झाकण उघडे टाकून बसू लागले. पहिल्या दिवशी साहेब माझा तो ओळखीचा वास लांबून हुंगून गेला. पुढे मालक पाठ फिरवून बसला की तो जवळ येई, ठेवलेला तुकडा उचले आणि पळे. एकदा तर त्याने माझा कोपरा चाटला. माझ्या भुशालासुद्धा गुदगुल्या झाल्या.

लसीचा दिवस उजाडला. डॉक्टरबाईंनी निळी पेटी दुरुस्त करून आणली होती, पण झाकण अजून सैल होते. त्यांनी मालकाला समोर बसवले. "काका, लस तुमच्याच पेटीत ठेवू. पण मी सांगते तशी." बर्फाचे खडे खाली, मीठ अजिबात नाही, वर कोरड्या फडक्याची जाड घडी आणि त्यावर बाटल्या, बर्फाला न चिकटता. शेजारी त्यांनी एक छोटा थर्मामीटर ठेवला. माझा ताप कोणी मोजेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते! मालकाने मिठाचा डबा हँडलवरून सोडून ताईच्या चुलीशी नेऊन ठेवला आणि दिवसभरात इतक्या वेळा थर्मामीटर पाहिला की डॉक्टरबाईंना त्याला दटावावे लागले, "काका, झाकण सारखं उघडू नका, नाहीतर आता गरम होईल!"

बांधलेल्या कुत्र्यांना ज्याने त्याने आपल्या हातांनी धरले, कानामागे खाजवले, आणि टोचणे सुरळीत पार पडले. उरली साहेबाची लस. आम्ही टेकडीच्या पायथ्याशी गेलो. डॉक्टरबाई माझ्या मागे वाकून बसल्या. मालकाने हाडांच्या पाण्याची शेवटची कांडी मुद्दाम माझ्या पोटात अगदी खाली, कोपऱ्यात टाकली. ऊन उतरले तरी साहेबाचा पत्ता नव्हता. डॉक्टरबाईंना लांब जायचे होते, पण त्या उठल्या नाहीत.

शेवटी तो आला. इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि पाहणी करायची सवय त्याला आवरली नाही. पुढचे पाय माझ्या काठावर ठेवून त्याने मानेपर्यंत डोके माझ्यात घातले. आत त्याच्या श्वासाची वाफ, जिभेचा आवाज आणि बाहेर शेपटीचा पंखा. डॉक्टरबाईंनी हळूच हात पुढे केला. साहेबाने एकदा कान हलवला आणि पुन्हा चाटू लागला. टोचणे संपल्यावरही त्याचे डोके माझ्यातच होते. मग चिमीची हाक आली, "साहेऽब!" तेव्हा कुठे त्याने मान बाहेर काढली. नाकावर बर्फ, मिशांना फडक्याचा दोरा, आणि तो धावत सुटला तो थेट तिच्याकडे.

इथे गोष्ट संपली असती तर मला आवडले असते. पण महिना-दीड महिन्याने ओढ्यापलीकडून आणखी एक पिसाळलेले कुत्रे भर दुपारी खाणीवर आले. तोंडाला फेस, चाल झोकांड्या खाणारी. चिमी गोधडीवर होती. साहेब उठला आणि मधे उभा राहिला. चिमीच्या अंगाला नखही लागले नाही, पण साहेबाचा अर्धा कान गेला. ते कुत्रे पुढे खड्ड्यात पडून मेले. ताईने साबण आणि पाण्याने साहेबाचा कान धुतला, धूतच राहिली. माझा मालक धावत आला तेव्हा तिने वर न पाहता एकच प्रश्न विचारला.

"त्या दिवशी मीठ नव्हतं ना रे घातलंस?"

"चिमूटभरही नाही, ताई. तुझी शपथ."

तेव्हा ताईने साबण खाली ठेवला आणि ती रडली. डॉक्टरबाईंनी येऊन साहेबाला आणखी एक इंजेक्शन दिले, त्याला वेगळा बांधून बरेच दिवस नजरेखाली ठेवायला सांगितले. चिमीला लांबूनच त्याच्याशी गप्पा माराव्या लागत. पिसाळलेल्या कुत्र्याला पाणी गिळता येत नाही, म्हणून त्या काळात सगळी वस्ती रोज सकाळी एकच गोष्ट विचारी, साहेब पाणी प्यायला का? साहेब पाणी प्यायला. रोज प्यायला. शेवटी त्याचा दोर सोडला तेव्हा तो आधी खाणीची पाहणी करून आला आणि मग गोधडीवर येऊन पडला.

आता मी कांड्या नेत नाही. डॉक्टरबाईंचा फेरा आला की मात्र मालक घंटा वाजवतो आणि आम्ही वस्तीवस्तीत जातो. कधी लस, कधी जंतांचे औषध, कधी खरजेची गोळी माझ्या सोबत असते. जळक्या ऑइलचे डबे आता पुन्हा गाड्यांकडेच गेले आहेत. कोंबडीने माझ्यावरचा हक्क सोडलेला नाही, पण मधल्या दिवसांत मी तिला राहू देते. एकंदरीत माझे बरे चालले आहे.

मित्रांनो, तुमच्या दारातले कुत्रे तुमच्यासाठी जागते. वर्षातून एकदा त्याला लस टोचून घ्या. टोचताना दुसऱ्याच्या हातात देऊ नका, स्वतः धरा, म्हणजे ते घाबरणार नाही. आणि औषध कसे ठेवायचे हे ठाऊक नसेल तर विचारायला लाजू नका. माझा मालक आता प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतो आणि डॉक्टरबाई दोनदा सांगतात.

आमच्याकडे तर त्यापुढे आणखी एक तपासणी असते. निघायच्या आधी चिमी येते, साहेब तिच्या मागे अर्धा कान उभा करून येतो. बाटल्या ठेवायच्या आधी ती माझ्या बर्फावरून बोट फिरवते, जिभेवर टेकवते, डोळे मिटून नीट चव घेते आणि मालकाकडे पाहून म्हणते, "नाही, मामा. जा आता."